लासलगाव आधी की वाशी? स्थैर्य आणि कारण यांविषयी वाचकांचे प्रश्न

अर्थमितीवर आलेल्या पत्रांत या वेळी दोनच शब्द पुन्हा पुन्हा भेटले: ‘स्थिर’ आणि ‘कारण’. बहुतेक पत्रं एम.ए. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत अडकलेल्यांची आहेत, म्हणून उत्तरंही चाचणी प्रत्यक्ष चालवताना उपयोगी पडतील अशी दिली आहेत. तक्त्यांतली सगळी मूल्यं ५ टक्के पातळीची आहेत. वेगळी पातळी असेल तिथे तसं लिहिलं आहे.

‘मालिका स्थिर आहे’ आणि ‘मॉडेल स्थिर आहे’ अशी दोन वाक्यं मी प्रबंधात लिहिली होती. परीक्षकांनी दोन्हींखाली रेघ ओढून ‘कोणत्या अर्थानं?’ असं विचारलं. फरक काय आहे? – एक वाचक, कोल्हापूर

परीक्षकांची रेघ योग्य जागी पडली आहे. मराठीत आपण एकाच ‘स्थिर’ शब्दाला तीन कामांना जुंपतो. पहिलं काम मालिकेचं: तिची सरासरी, विचरण आणि लॅगनुसार (किती पावलं मागचा आकडा घेतला त्यानुसार) येणारं सहविचरण काळाबरोबर बदलत नाही. दुसरं व्यवस्थेचं: वीएआर मॉडेलला (प्रत्येक चलाचा अंदाज सगळ्या चलांच्या मागच्या आकड्यांवरून काढणाऱ्या समीकरणांच्या संचाला) एक धक्का दिला तर तो हळूहळू विरतो, फुगत जात नाही. तिसरं सहगुणकांचं: २०१३ मध्ये जे नातं होतं तेच २०२३ मध्येही आहे. तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत आणि एक खरं असताना दुसरं खोटं असू शकतं. पहिल्या फरकांवर (लागोपाठच्या आकड्यांच्या वजाबाकीवर) बसवलेल्या वीएआरमध्ये सगळ्यांत मोठं व्यस्त मूळ ०.६२ येईल, म्हणजे व्यवस्था झकास स्थिर, पण २०२० च्या आधीचे आणि नंतरचे सहगुणक एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत.

व्यवस्थेच्या चाचणीत एक जुना सापळा आहे. पाठ्यपुस्तक म्हणतं मुळं एकक वर्तुळाच्या बाहेर हवीत, आणि सॉफ्टवेअरच्या आलेखात ठिपके वर्तुळाच्या आत असले की ‘स्थिर’ असा शेरा येतो. दोन्ही बरोबर आहेत, कारण सॉफ्टवेअर बहुधा मुळांचे व्यस्त दाखवतं. प्रबंधात नुसतं ‘आत’ किंवा ‘बाहेर’ लिहू नका, कशाचं मूळ तेही लिहा. सहएकत्रित (एकेकट्या भटकणाऱ्या, पण दूरच्या पल्ल्यात एकमेकींना न सोडणाऱ्या) मालिकांच्या मॉडेलमध्ये काही मुळं नेमकी १ वर बसतात. चलांच्या संख्येतून सहएकत्रीकरणाची नाती वजा केली की जितकी उरतात तितकी. ती पाहून घाबरायचं कारण नाही, ती तिथे असायलाच हवीत.

या स्तंभात पुढे मालिकेला ‘स्टेशनरी’ म्हटलं आहे (वही-पेनाचं दुकान आठवलं तरी इलाज नाही), व्यवस्थेला ‘स्थिर’, आणि सहगुणकांना ‘न बदलणारे’.

लासलगावच्या कांद्याचे २६० आठवड्यांचे भाव लॉगमध्ये घेतले. एडीएफ चाचणीचा आकडा −२.४१ आला, केपीएसएसचा ०.३९. एक म्हणते युनिट रूट आहे, दुसरी म्हणते स्टेशनरी आहे. कोणावर विश्वास ठेवू? – एक वाचक, नाशिक

दोन्ही चाचण्यांनी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली आहे: ‘आम्हाला ठरवता येत नाही.’ एडीएफची शून्य परिकल्पना (चाचणी जे आधी खरं धरून चालते ते) ‘युनिट रूट आहे’, म्हणजे बसलेला धक्का कधीच विरत नाही, अशी असते. स्थिरांक ठेवला तर ती नाकारायला −२.८६ च्या खाली जावं लागतं, स्थिरांक आणि कल दोन्ही ठेवले तर −३.४१ च्या. तुमचा आकडा तिथवर पोचला नाही. केपीएसएसची शून्य परिकल्पना उलटी, म्हणजे ‘मालिका स्टेशनरी आहे’. पातळीसाठी तिची सीमा ०.४६३ आहे, कलासाठी ०.१४६. तुमचा ०.३९ पातळीची सीमा ओलांडत नाही (कल ठेवून काढला असेल तर मात्र ओलांडतो). शून्य परिकल्पना नाकारता न येणं म्हणजे ती सिद्ध होणं नव्हे. कोर्टात पुराव्याअभावी सुटलेला माणूस निर्दोष असेलच असं नसतं, तसंच हे.

असं का होतं ते कांद्याच्या स्वभावावरून कळेल. साठवणीचा माल असल्यामुळे भाव या आठवड्यातून पुढच्या आठवड्यात बराचसा तसाच जातो. आठवड्याचा सहगुणक ०.९५ धरला तर बसलेला धक्का निम्म्यावर यायला साडेतेरा आठवडे लागतात. पाच वर्षांच्या आकड्यांतून ०.९५ आणि १ यांच्यातला फरक ओळखायचा आहे, आणि एडीएफला तेवढी ताकद नाही.

आता करायचं काय? आधी लॅग तपासा. कमाल लॅगसाठी १२ गुणिले (निरीक्षणं भागिले १००) चं चौथं मूळ हा रूढ नियम आहे. २६० निरीक्षणांना तो १५ येतो. तिथून एआयसी या निवडीच्या निकषानं खाली निवडा आणि रेसिड्युअलमध्ये (मॉडेलला न पकडता आलेल्या उरलेल्या चुकांत) स्वसहसंबंध उरला नाही याची खात्री करा. केपीएसएसमध्ये बँडविड्थ (किती लॅगांचा स्वसहसंबंध हिशोबात धरायचा ती संख्या) बदलली की निकाल बदलतो. लहान नियमानं (१२ च्या जागी ४) ५ येते, मोठ्या नियमानं १५. लहान बँडविड्थ अशा चिवट मालिकेला उगाच नाकारते. दोन्ही आकडे छापा, सोयीचा एकच नको.

मग मोडणी, म्हणजे मालिकेत मध्येच झालेला कायमचा बदल, तपासा. पिएर पेरॉन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की मालिकेची पातळी मध्येच एकदा सरकली असेल तर एडीएफला ती युनिट रूटसारखी दिसते. कांद्यात अशा तारखा शोधायला लांब जावं लागत नाही: ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली पण टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून गेली. झिवोट आणि अँड्र्यूज यांची १९९२ ची चाचणी मोडणीची तारीख स्वतः शोधते. फक्त पातळी सरकत असेल तर सीमा −४.८०, पातळी आणि कल दोन्ही बदलत असतील तर −५.०८. मात्र तिच्या शून्य परिकल्पनेत मोडणीच नाही. नकार आला म्हणजे ‘मोडणीसह स्टेशनरी’ असं थेट लिहिता येत नाही, ‘मोडणीसह युनिट रूट’ हीही शक्यता उरते.

आणि हे सगळं करण्याआधी मूळ फाइल पाहा. लाल कांद्याची आवक संपून उन्हाळ कांदा सुरू होतो तिथे दोन वेगळ्या मालांचे भाव एका रकान्यात चिकटवले गेले असतील, तर सापडलेली मोडणी अर्थशास्त्राची नसून फाइलची असेल.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनं औद्योगिक उत्पादन आणि बँककर्ज यांच्या वाढीतलं नातं बदललं का, हे चाउ चाचणीनं पाहिलं. एफ ४.० आला, म्हणजे बदललं. मार्गदर्शक म्हणतात ‘तारीख आधी ठरवली होती का?’ त्यानं काय फरक पडतो? – एक वाचक, पुणे

फार फरक पडतो, आणि तुमचाच आकडा तो दाखवायला पुरेसा आहे.

ग्रेगरी चाउ यांची १९६० ची चाचणी सरळ आहे. संपूर्ण काळासाठी एक रिग्रेशन, मोडणीआधीच्या भागासाठी एक, नंतरच्या भागासाठी एक. तिन्हींची रेसिड्युअल वर्गबेरीज घ्यायची. समजा ९६ महिने आहेत, ५५ आधीचे आणि ४१ नंतरचे, आणि समीकरणात स्थिरांकासह ३ सहगुणक. एकत्रित वर्गबेरीज २०४, दोन भागांची मिळून १८०. वरचा भाग: २०४ वजा १८० म्हणजे २४, भागिले ३, म्हणजे ८. खालचा भाग: १८० भागिले (९६ वजा ६), म्हणजे २. एफ आला ४.०. तक्त्यात ३ आणि ९० मुक्ततेच्या अंशांना ५ टक्क्यांचं मूल्य सुमारे २.७१ आहे. नाकारलं. १ टक्क्याचं मूल्यही ४.० च्या अगदी काठावर येतं, त्यामुळे निकाल भक्कम वाटतो.

पण २.७१ हे मूल्य आकडे पाहण्याआधी एकच तारीख ठरवलेल्यासाठी आहे. आलेख पाहून, तीन-चार तारखा चालवून, सर्वांत मोठा एफ देणारी तारीख घेतली असेल तर तुम्ही अनेक एफमधला कमाल एफ निवडला आहे, आणि कमालीचं वितरण वेगळं असतं. रिचर्ड क्वांट यांनी १९६० मध्येच ही कल्पना मांडली होती, योग्य तक्ते डोनाल्ड अँड्र्यूज यांनी १९९३ मध्ये दिले. दोन्ही टोकांचे १५ टक्के महिने सोडून ३ सहगुणकांसाठी तो उंबरठा ४.७१ आहे. तुमचा ४.० तिथे पोचत नाही. आकडा तोच, आणि तारीख कशी निवडली यावर निकाल उलटला. एकाच सहगुणकाचा प्रश्न असेल तर उंबरठा ८.६८ इतका वर जातो, एरवी तो ३.९ च्या आसपास असता.

नोटाबंदीची तारीख बाहेरून आलेली आहे, तुम्ही ती आकड्यांतून काढली नाही, हा मुद्दा तुम्ही मांडू शकता. तसं असेल तर प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिहा आणि इतर तारखा चालवल्या असतील तर त्याही सांगा. खात्रीसाठी कमाल-एफही चालवा. ९६ पैकी दोन्ही टोकांचे १४-१४ महिने सुटले तरी नोव्हेंबर २०१६ मध्यभागीच पडतो. कमाल कुठे येतो ते पाहा. तो २०१४ मध्ये आला तर नोटाबंदीची कहाणी थोडी आवरावी लागेल.

आणखी तीन गोष्टी. चाउ चाचणी दोन्ही भागांत विचरण सारखं मानते. ते सारखं नसेल तर नोव्हेंबर २०१६ पासून १ आणि त्याआधी ० घेणारा डमी आणि त्याचे चलांशी गुणाकार टाकून, न्यूई-वेस्ट चुकांसह (बदलतं विचरण आणि स्वसहसंबंध धरून काढलेल्या प्रमाण चुकांसह) वाल्ड चाचणी करा, म्हणजे हे सगळे सहगुणक एकत्र शून्य आहेत का ते पाहा. दुसरं, दिवाळी. २०१५ मध्ये लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरला होतं, २०१६ मध्ये ३० ऑक्टोबरला. वर्षावर्षाची वाढ घेतलीत तर नोव्हेंबर २०१६ ची तुलना सुट्ट्यांच्या नोव्हेंबरशी होते आणि नोटाबंदीच्याच महिन्यात उत्पादन वाढल्यासारखं दिसतं. सरकत्या सणाचा डमी नसलेलं भारतीय मासिक मॉडेल आम्ही जरा संशयानंच वाचतो. तिसरं, ही चाचणी पायरी शोधते, खड्डा नाही. कोणी चलनातल्या रोखीवर हेच करत असेल तर लक्षात घ्या: नोव्हेंबर २०१६ च्या आरंभी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचं चलन होतं, जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला ते जेमतेम निम्मं उरलं, आणि मार्च २०१८ पर्यंत पुन्हा जुन्या पातळीवर आलं. तिथे कायमच्या बदलाचा एक डमी लावणं म्हणजे खड्ड्याला पायरी म्हणणं. त्या महिन्यांपुरते वेगळे डमी लावा.

एआरडीएल मॉडेलमध्ये (चलाचे स्वतःचे आणि इतर चलांचे मागचे आकडे घेणाऱ्या समीकरणात) कुसमची रेघ मर्यादेत आहे, पण कुसम-वर्गाची रेघ २०२० मध्ये बाहेर जाते. मॉडेल नापास का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नापास नाही, पण तसंच सोडूनही देता येणार नाही. ब्राउन, डर्बिन आणि इव्हान्स यांच्या १९७५ च्या या जोडचाचण्या वेगळ्या गोष्टी पकडतात. कुसम आवर्ती रेसिड्युअलची (आधीच्याच आकड्यांवरून पुढच्याचा अंदाज करताना होणाऱ्या चुकांची) बेरीज करत जातो. एकाच दिशेच्या चुका साचत गेल्या की रेघ ०.९४८ च्या गुणकानं आखलेल्या तिरक्या सीमांबाहेर जाते, म्हणजे मुख्यतः स्थिरांकातला सरकाव दिसतो. उताराचा सहगुणक बदलला आणि ते चल शून्याभोवती वरखाली होत असेल, तर चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि कुसम गप्प राहतो. वर्गांची बेरीज दिशा पाहत नाही, आकार पाहते. म्हणून ती विचरणातल्या बदलावर भडकते. तुमच्या मॉडेलमध्ये नातं कदाचित तेच आहे, धक्क्यांचा आकार बदलला.

एप्रिल–जून २०२० च्या तिमाहीत देशाचं स्थूल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटलं होतं. असं एक निरीक्षण वर्गबेरजेला एकट्यानं ढकलू शकतं. त्या तिमाहीला स्वतंत्र डमी द्या. वर्षावर्षाची वाढ वापरत असाल तर धक्का दोनदा येतो. वर्षभरानं पहिल्या अंदाजात २०.१ टक्के वाढ दिसली, पण ती घसरलेल्या पायावरची होती: १०० चे ७६.१ झाले आणि त्यावर २०.१ टक्के म्हणजे ९१.४. म्हणून एप्रिल–जून २०२१ लाही वेगळा डमी लागेल. डमी दिलेल्या तिमाहीचं रेसिड्युअल शून्य होतं, म्हणजे ते निरीक्षण मॉडेलमधून व्यवहारात काढून टाकलेलं असतं. हे स्वच्छ लिहा. दोन डमींनंतरही रेघ बाहेरच राहिली तर २०१९ पर्यंतचं आणि २०२१ नंतरचं मॉडेल शेजारीशेजारी छापा. प्रत्येक उडालेल्या ठिपक्याला डमी लावत गेलात तर शेवटी कुसम नक्की आत येईल, कारण तपासायला काही उरलेलंच नसेल.

शेवटच्या दोन-चार तिमाहींत झालेला बदल कुसमला जवळजवळ दिसत नाही, इतकंही सांगून ठेवतो.

लासलगावचा भाव वाशीच्या भावाला ‘कारण’ आहे का, हे ग्रेंजर चाचणीनं तपासायचं आहे. रोजचे आकडे आहेत, मधले बंद दिवस सरासरीनं भरले आहेत. पायऱ्या सांगाल का? – एक वाचक, निफाड

आधी भरलेले दिवस परत रिकामे करा. सोमवारी १,५०० रुपये क्विंटल, मंगळवारी लिलाव बंद, बुधवारी १,७०० असं असताना तुम्ही मंगळवारी १,६०० लिहिले. त्या १,६०० मध्ये बुधवारचा भाव मिसळला आहे. आता चाचणी म्हणेल की मंगळवारच्या लासलगावावरून बुधवारच्या वाशीचा अंदाज येतो. येणारच, तुम्ही उत्तर आधीच आत ठेवलंत. ग्रेंजर चाचणी एकाच्या मागच्या आकड्यांनी दुसऱ्याचा पुढचा अंदाज सुधारतो का, म्हणजे फक्त काळाचा क्रम पाहते, आणि मधल्या मूल्यानं भरणं नेमका तो क्रमच बिघडवतं. आधीचा भाव पुढे ओढला तर भविष्य आत शिरत नाही, पण खोटे शून्य-बदल तयार होतात आणि ज्या बाजारात सुट्ट्या जास्त तो बाजार मागे पडलेला दिसतो. लासलगावात अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा वर्षानुवर्षं होती, वाशीच्या सुट्ट्या वेगळ्या. म्हणजे चूक एकाच बाजूला साचते.

म्हणून आठवड्याचे आकडे घ्या: दोन्ही बाजारांतला एकच वार, समजा बुधवार, आणि तो बंद असेल तर दोन्हीकडे त्याआधीचा समाईक उघडा दिवस. आठवड्याची सरासरी घेऊ नका. सरासरीमुळे बदलांत नसलेला स्वसहसंबंध पैदा होतो. पूर्णपणे यादृच्छिक चालीतही तो ०.२५ पर्यंत जातो हे हॉलब्रुक वर्किंग यांनी १९६० मध्येच दाखवलं आहे. किमान, कमाल आणि सर्वसाधारण अशा तीन भावांतला सर्वसाधारण भाव घ्या, तोही दोन्हीकडे एकाच प्रतीच्या मालाचा.

आता चाचणी. दोन्ही मालिका लॉगमध्ये घ्या आणि प्रत्येकीचा युनिट रूट तपासून सर्वाधिक एकत्रीकरण-क्रम (मालिका स्टेशनरी व्हायला किती वेळा फरक घ्यावा लागतो तो आकडा) ठरवा, कांद्यात तो सहसा १ धरावा लागतो. पातळीतल्या मालिकांवर वीएआर बसवून एआयसी किंवा बीआयसीनं लॅग निवडा. एआयसी जास्त लॅग देतो, बीआयसी कमी. रेसिड्युअलमध्ये स्वसहसंबंध उरला असेल तर निकष काहीही म्हणो, लॅग वाढवा. समजा ३ आले. टोडा आणि यामामोटो यांच्या १९९५ च्या पद्धतीत इथे आणखी एक लॅग घालून चार लॅगांचा वीएआर बसवायचा आणि वाल्ड चाचणी मात्र पहिल्या तीनच लॅगांवर करायची. चौथा लॅग फक्त वितरण ताळ्यावर ठेवायला असतो. ३ मुक्ततेच्या अंशांचा काय-वर्ग, उंबरठा ७.८१. चारही लॅग चाचणीत ओढणं ही प्रबंधांत सर्रास दिसणारी चूक आहे. युनिट रूट असलेल्या पातळ्यांवर जादा लॅगाशिवाय साधी एफ चाचणी करणं ही दुसरी. तिथे तक्त्याचं मूल्य लागूच होईल याची हमी नसते.

दोन बाजारांचे भाव सहएकत्रित असण्याची दाट शक्यता आहे, मधलं अंतर म्हणजे भाडं, हमाली, तोलाई आणि घट. एंगल-ग्रेंजर पद्धतीत रेसिड्युअलवर एडीएफ करताना −२.८६ वापरू नका, दोन चलांसाठी ते −३.३४ आहे. सहएकत्रीकरण सापडलं तर किमान एका दिशेनं ग्रेंजर-कारण असायलाच हवं. ते सापडत नसेल तर लॅग किंवा आकडे चुकलेत. सहएकत्रीकरण असेल तेव्हा त्रुटी-दुरुस्ती मॉडेल (दोन भावांतली फट कोण भरून काढतं ते दाखवणारं) जास्त बोलकं ठरतं. ‘वाशी वजा लासलगाव’ ही फट घेतली आणि वाशीच्या समीकरणात तिचा सहगुणक −०.३०, लासलगावच्या समीकरणात ०.०४ पण नगण्य आला, तर अर्थ असा: फट वाढली की दर आठवड्याला तिचा ३० टक्के भाग वाशी भरून काढते, लासलगाव हलत नाही. भाव लासलगावात ठरतो असं म्हणायला हा पुरावा पी-मूल्यापेक्षा बरा. चिन्हं तपासा: वाशीत उणे, लासलगावात अधिक. दोन्ही उलटी आली तर फट मिटायच्याऐवजी वाढते आहे.

ट्रक एका रात्रीत वाशीला पोचतो आणि फोन एका मिनिटात. आठवड्याच्या आकड्यांत हा परिणाम त्याच आठवड्यात होऊन जातो आणि लॅगांत दिसत नाही. तो दोन समीकरणांच्या रेसिड्युअलच्या सहसंबंधात जाऊन बसतो. म्हणून ‘कारण नाही’ असा निकाल आला तर हा सहसंबंध किती आहे ते आधी पाहा. ०.८ असेल तर बाजार तुटलेले नाहीत, तुमची फूटपट्टी जाड आहे.

मग स्थैर्य, आणि खरं तर ते याच्या आधीच. निर्यातबंदीनं दोन्ही बाजारांची पातळी एकदम सरकली आणि तुम्ही तिला जागा दिली नाहीत, तर एकाच्या मागच्या लॅगा दुसऱ्याच्या सरकण्याची नक्कल करतात आणि खोटं ‘कारण’ निघतं. उलट, बंदीच्या काळात नातं पालटलं असेल तर संपूर्ण काळाच्या सरासरीत खरं कारण झाकलं जातं. ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ हे जेमतेम २१ आठवडे आहेत, त्यांच्यावर स्वतंत्र वीएआर बसणार नाही. डमी आणि त्याचे गुणाकार वापरा, किंवा १०४ आठवड्यांची सरकती खिडकी घेऊन पी-मूल्यांचा संपूर्ण आलेख छापा. खिडकीची लांबी आधी ठरवा. निवडक खिडक्या छापणं आणि चाउची तारीख निवडणं हा एकच प्रकार आहे.

एवढं करूनही ‘कारण’ हा शब्द क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये दिलेल्या मर्यादित अर्थानंच वापरा: वाशीचा स्वतःचा भूतकाळ हाताशी असताना लासलगावचा भूतकाळ घातला की वाशीचा अंदाज सुधारतो. अवकाळी पाऊस दोघांनाही हलवत असेल आणि लासलगावला तो दोन दिवस आधी कळत असेल, तरी चाचणी लासलगावलाच ‘कारण’ म्हणेल.

रेपो दर वाढवला की महागाई वाढते, असं माझ्या वीएआरमधून निघतं. चिन्ह उलटं का? – एक वाचक, मुंबई

ही जुनी व्याधी आहे. क्रिस्टोफर सिम्स यांनी १९९२ मध्ये अनेक देशांच्या आकड्यांत ती दाखवली. पतधोरण समिती पुढची महागाई पाहून दर हलवते, तुमच्या मॉडेलला ती पुढची महागाई दिसत नाही, त्यामुळे छत्रीमुळे पाऊस पडला असा निकाल निघतो. महागाईविषयीच्या अपेक्षांचं सर्वेक्षण आणि कच्च्या तेलाचा भाव घाला, चिन्ह पुष्कळदा विरघळतं. रेपो महिनोन्महिने सपाट असतो. जुलै २०२३ मध्ये भाजीपाल्यामुळे किरकोळ महागाई ७.४४ टक्के झाली तेव्हाही तो ६.५० वरच होता. मासिक मॉडेलला कॉल मनीचा (बँका एकमेकींना एका रात्रीसाठी देतात त्या कर्जाचा) भारित सरासरी दर जास्त मानवतो. महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य आणि समिती २०१६ पासूनची, त्यामुळे त्याआधीचा काळ जोडताना मोडणीची चाचणी टाळता येणार नाही. आणि एप्रिल–मे २०२० चे ग्राहक किंमत निर्देशांक टाळेबंदीमुळे प्रत्यक्ष भाव गोळा न होता अंदाजानं भरलेले आहेत, तिथे डमी द्या.

२८ वर्षांचे वार्षिक आकडे, सहा चलं, दोन लॅग. ग्रेंजरमध्ये दोन ‘कारणं’ सापडली. पुरेसं आहे का? – एक वाचक, पणजी

नाही. प्रत्येक समीकरणात १३ सहगुणक आहेत आणि दोन लॅग गेल्यावर २६ वर्षं उरतात, म्हणजे एका सहगुणकाला दोन निरीक्षणं. सहा चलांत ३० दिशा होतात. ५ टक्के पातळीवर कुठेच नातं नसतानाही सरासरी दीड ‘कारण’ योगायोगानं मिळतं. तुम्हाला दोन मिळाली. सिद्धांत सांगतो ती दोन किंवा तीन चलं ठेवा, एकच लॅग घ्या. बाउंड्स चाचणीकडे (दूरच्या पल्ल्याचं नातं आहे का ते तपासणाऱ्या) वळत असाल तर पेसरान, शिन आणि स्मिथ यांच्या २००१ च्या तक्त्यातल्या सीमा (एका स्वतंत्र चलाला ४.९४ आणि ५.७३) मोठ्या नमुन्यासाठी आहेत. नारायण यांचे २००५ चे तक्ते ३० निरीक्षणांपासून सुरू होतात, तेच तुम्हाला सर्वांत जवळचे. एफ दोन सीमांच्या मधे आला तर ‘निर्णय होत नाही’ असंच लिहायचं असतं.

आर आणि पायथन यांत ग्रेंजरचे निकाल बरोबर उलटे येतात. कोणतं बिघडलं आहे? – एक वाचक, ठाणे

बहुधा कोणतंच नाही. पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये दोन रकाने दिले की दुसरा रकाना पहिल्याला कारण आहे का हे तपासलं जातं. आरच्या एलएमटेस्टमध्ये दोन मालिका दिल्या की पहिली दुसरीला कारण आहे का हे पाहिलं जातं. रकान्यांची अदलाबदल करून पाहा. आरच्या टीसिरीज पॅकेजमधल्या एडीएफमध्ये कल नेहमी घातलेला असतो, स्टॅट्समॉडेल्समध्ये सांगितल्याशिवाय फक्त स्थिरांक. त्यामुळे तेही आकडे जुळणार नाहीत. टीसिरीजच्या एडीएफ आणि केपीएसएसमध्ये पी-मूल्य ०.०१ छापलं असेल तर ते ‘०.०१ किंवा कमी’ असतं, आणि केपीएसएसमध्ये ०.१ म्हणजे ‘०.१ किंवा जास्त’, कारण तक्ता तिथेच संपतो. प्रबंधाच्या कोष्टकात बरोबर-चिन्ह न टाकता लहान-मोठ्याचं चिन्ह टाका.